पाणी मागल्या दारानं आलं

दीपा लग्न होऊन गोव्यात, आमच्या मांद्र्याला आली ती गडहिंग्लजकडच्या एका गावातून. तिच्या माहेरी नदी आहे, पावसाळ्यात पूरही येतो. पण नदी एकाच दिशेनं वाहते, ही खात्री तिला जन्मापासूनची. नवरा अभिजीत जवळच्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. पहिल्याच दिवशी त्यानं खाडीच्या काठाला मोटारसायकल थांबवली आणि "ते बघ, त्या माडांच्यात आपलं घर," म्हणून बोट दाखवलं. दीपानं घराकडे पाहिलंच नाही. ती पाण्याकडे बघत होती. माडाची एक वाळकी झावळी समुद्राकडे जायची सोडून उलटी, डोंगराच्या दिशेनं चालली होती.

"अवो, पाणी माघारी का चाललंय?"

"भरती हाय ती. समुद्र आत येतोय. सांजच्याला परत जातंय बघ."

"आणि नाही गेलं तर?"

अभिजीत मोठ्यानं हसला. पुढं कितीतरी महिने तो हा प्रश्न कारखान्यातल्या मित्रांना सांगून हसवत असे. दीपाला मात्र त्याचं उत्तर कोणी दिलं नाही, आणि तो प्रश्न तिच्या पोटात तसाच राहिला.

ते घर दांड्यावर होतं. आमची खाडी समुद्राला सरळ जाऊन मिळत नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर आला की ती अचानक वळते, किनाऱ्याच्या कडेकडेनं बरीच लांब चालते आणि मग कुठंतरी वाळू फोडून आत शिरते. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये वाळूची जी लांब, चिंचोळी जीभ उरते तिला दांडो म्हणायचं. एका अंगाला लाटा, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि खाडीचं संथ पाणी. उत्तरेकडे दांडो गावाला चिकटलेला असतो, पण तिथं तो इतका अरुंद की त्या जागेला मानच म्हणतात. दांड्यावर दहाबारा घरं, थोडे माड, दोन विहिरी आणि हंगामात चालणारं एक गेस्ट हाऊस. समुद्राच्या बाजूला वाळूची टेकाडं होती, पुरुष-दीड पुरुष उंच. त्यापेक्षा उंच जागा दांड्यावर नव्हती.

अर्धं घर भाड्यानं दीपाचं आणि अर्धं मालकिणीचं. विनोदिनीमावशी सत्तरीच्या, विधवा, मुलगा बोटीवर. गुडघे गेलेले, पण तोंड शाबूत. दीपा समुद्राला भिते हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. ती कपडे खाडीच्या बाजूला वाळत घालायची, जेवायला पश्चिमेच्या, समुद्राकडच्या दाराकडे तोंड करून बसायची, पुळणीवर कधी पाय ठेवत नसे.

"भियेतस? भी," मावशी म्हणाल्या. "पण कोणाक भिवचा ता कळूक होया."

दीपाला त्या शिकवू लागल्या. टेकाडावर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल उपटायची नाही. तिची मुळं वाळू धरून ठेवतात. केवड्याचं बन तोडायचं नाही, साप असले तरी. विहिरीला मोठी मोटर लावायची नाही. "पावसाचा गोडा पाणी हलका. ता खाऱ्याच्या माथ्यार बसता. जास्त ओढलास काय खालचा खारा वर येता." हे ऐकून दीपाला धीर यायचा सोडून उलटंच झालं. म्हणजे समुद्र समोर आहे तसा पायाखालीही आहे तर! त्यानंतर प्रत्येक कळशीचा पहिला घोट ती नेहमी चाखून बघायची.

एका सकाळी मावशींनी तिला हट्टानं टेकाडापर्यंत नेलं. कासवीण रात्री अंडी घालून गेली होती. वाळूत तिच्या पायांचे माग ट्रॅक्टरच्या चाकासारखे उमटले होते, आणि वनखात्याच्या माणसांनी अंड्यांच्या जागेभोवती जाळी लावली होती.

"भरती पावना नाय इतक्या वर येऊन घालता," मावशी कौतुकानं म्हणाल्या.

दीपा मागं वळून घराकडे बघत राहिली. कासविणीनं सुरक्षित म्हणून निवडलेली जागा दीपाच्या स्वयंपाकघराच्या जमिनीपेक्षा उंच होती. चांगली कमरेइतकी उंच. तिनं संध्याकाळी अभिजीतला हे सांगितलं. या वेळी तो हसला नाही. "खोली बघू तुयेला," एवढंच म्हणाला. पण तुयेच्या खोल्यांत चार-चार पोरं दाटीवाटीनं राहत होती. मग गौरवी जन्मली, मावशींनी ती अंगाखांद्यावर वाढवली, आणि खोली बघायचं राहून गेलं.

दीपाची भीती गेली नाही. नुसती रोजची झाली. ती गेस्ट हाऊसमध्ये खोल्या झाडायला जाऊ लागली. पाहुणे गच्चीवर बसून समुद्राकडे बघत पाव-आम्लेट खायचे, आणि ही त्यांच्या पाठीमागून चादरी काढताना लाटांकडे पाठ करून उभी राहायची.

गौरवी पहिलीत गेली त्या वर्षी गेस्ट हाऊसचा मालक बदलला. नवा मालक बाहेरचा. त्याला खालच्या खोल्यांतूनही समुद्र दिसायला हवा होता. पाऊस संपताच त्यानं जेसीबी आणला आणि मानेजवळचं टेकाड सपाट करायला घेतलं. केवडा मुळासकट निघाला. मावशी काठी टेकत तिथवर गेल्या आणि यंत्रासमोर उभ्या राहून ओरडल्या. त्यांचा पुतण्या सगुण, खाडीत होडी घालून मासे मारणारा, तोही भांडला. कोणीतरी तक्रार केली, काम दोन दिवस थांबलं, आणि मग एका रविवारी उरलेलंही उरकलं गेलं.

"रेती काय, पुन्हा जमेल," मालक म्हणाला.

दीपा बादली हातात धरून हे सगळं बघत होती. टेकाड गेलं तिथं आता आभाळाचा एक तुकडा दिसत होता, आणि त्याच्या खाली समुद्र. इतकी वर्षं मानेवरून जाताना जो तिला फक्त ऐकू यायचा तो आता येता-जाता रोज दिसू लागला. तिथून जाताना ती गौरवीचा हात इतका घट्ट धरायची की पोरगी रडायची.

पुढचा पावसाळा वाईट आला. आषाढात समुद्र आठवडाभर खवळलेला होता. त्यानं एवढी वाळू आणून टाकली की दक्षिणेच्या टोकाला खाडीचं तोंडच बुजून गेलं. असं अधूनमधून होतं. मग गावातली माणसं फावडी घेऊन जातात, एक चर खणतात, आणि बाकीचं काम पाणीच करतं. पण या वेळी पाऊस थांबेना. डोंगरावरून लाल पाणी उतरत होतं आणि खाडीला बाहेर पडायला वाट नव्हती. माणसं जमायची ठरली, पावसानं मोडली, पुन्हा ठरली.

त्या दिवशी अमावास्या होती. अभिजीत पहिल्या पाळीला गेला. दीपानं गौरवीला शाळेत सोडलं आणि परत आली. मान तेव्हा कोरडी होती, म्हणजे पावसानं भिजलेली, पण पाणी नव्हतं. घरी आल्यावर ती पश्चिमेच्या दारात उभी राहिली. टेकाडापलीकडे लाटा पायथ्याला थडकत असल्याचं ऐकू येत होतं. भरती उतरेपर्यंत इथून हलायचं नाही असं तिनं ठरवलं. लाटा जणू तिच्या पहाऱ्यानंच थांबणार होत्या.

तेवढ्यात तिच्या पायावरून काहीतरी सरकलं. कुर्ली होती, खाडीतला खेकडा. तिच्यामागं आणखी एक. दोन्ही घरातून, मागल्या दाराकडून येत होत्या.

दीपानं वळून पाहिलं. मागचं अंगण नव्हतं. तुळस होती, तिच्या कट्ट्याच्या वरच्या पायरीपर्यंत लाल पाणी होतं. लाट नाही, आवाज नाही. खाडी सावकाश घरात येत होती, आणि एक चप्पल तिच्यासोबत उंबरा ओलांडून आत आली.

"मावशी!"

मावशी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधीच पाहिलं होतं. त्यांचा चेहरा पाहून दीपा दारातच थांबली, कारण या बाईला तिनं कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"शेजारची सगळी कालच गावात गेली," मावशी म्हणाल्या. "तुका सांगूक होया होता. माकाच वाटला, इतक्यात काय होना नाय. तू जा. शाळेत चेडवाकडे जा. माझे पाय चलाचे नाय."

"मी माणसं घेऊन येते," दीपा म्हणाली. ती खरंच तसं म्हणाली, की पळत सुटल्यावर मनात म्हणाली, हे तिला आजही सांगता येत नाही.

ती मानेकडे धावली. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. गेस्ट हाऊसच्या कुंपणापाशी ते वाहू लागलं होतं. खाडीकडून समुद्राकडे, बरोबर टेकाड काढलेल्या जागेतून. पलीकडे गावातली सुरूची झाडं दिसत होती. तिथं पोचायला फार तर घरापासून विहिरीइतकं अंतर. तिनं पाण्यात पाय घातला. पाय ठेवला की खालची वाळू निघून जात होती. दुसरा ठेवला, तीही निघून गेली. पाण्याखाली कोणीतरी सतरंजी ओढत असल्यासारखं. गुडघ्याच्या वर पाणी आलं तशी ती थांबली. तिच्या डोळ्यांदेखत पलीकडच्या काठाचा एक मोठा तुकडा, मर्यादवेलीसकट, उभाच्या उभा खाली बसला आणि वाहून गेला. मग गेस्ट हाऊसच्या पुढच्या ओसरीचा खांब तिरका झाला. मोडताना त्यानं केलेला आवाज तिला अजून स्वप्नात येतो.

पलीकडे गौरवी होती. दीपा तिचं नाव घेऊन ओरडली, आणि मागं फिरली.

मांद्र्यात लोक सांगतात की म्हातारीला एकटं टाकवेना म्हणून दीपा परतली. दीपा हे ऐकून घेत नाही. "पाणी बघून परतले," ती सांगते. "पुढं जायचा धीर असता तर गेलेच असते."

ती घरात आली तेव्हा पलंगाचे पाय बुडाले होते आणि ओसरीवरचं कदेल, मावशींची ती जुनी बाकदार खुर्ची, दारात आडवं होऊन डुलत होतं.

"मानेवर वाट फुटली," दीपा म्हणाली.

"फुटली ता बरा झाला," मावशी म्हणाल्या. "आता हंयचा पाणी उतरतला. पण आधी वर जाऊक होया. केवड्यात."

घरासमोरचं, मावशींनी राखलेलं टेकाड तेवढं शिल्लक होतं. तिथवर जायचं म्हणजे समुद्राच्या बाजूला जायचं. दीपाला ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती पलंगाला पाठ लावून वाकली. माहेरी ती गवताचे भारे वाहायची. मावशी भाऱ्यापेक्षा जड नव्हत्या, पण भारा गळा आवळत नाही. मांडीइतक्या पाण्यातून ती निघाली. एक धामण तिच्या पुढून त्याच टेकाडाकडे पोहत गेली. दीपा ओरडलीसुद्धा नाही. घाबरायला आणखी जागाच उरली नव्हती.

वर केवड्याच्या काट्यांनी दोघींचे हात फाटले. त्या मर्यादवेलीवर बसल्या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बुडालेलं अंगण, आणि उत्तरेला, जिथं मान होती, तिथून लाल पाण्याचा लोंढा समुद्रात घुसत होता. लाटा त्यावर येऊन आपटत आणि उलट्या फुटत. दक्षिणेकडचं बुजलेलं तोंडही लाटांखाली होतं; दांडो आता बेट झाला होता, आणि हे बेट त्या टोकाकडून कुरतडलं जात होतं. ठराविक अंतरानं धप्प असा आवाज येई. प्रत्येक आवाज दीपाला आधीच्यापेक्षा जवळ वाटे.

फोन तिनं कमरेला पिशवीत बांधला होता. शाळेचा नंबर लागला. बाईंनी सांगितलं, मुलं वर्गात आहेत, पाणी इथं नाही, गौरवी चित्र काढतेय. दीपा "बरं" म्हणाली. मग अभिजीतला लावला. तो "मी निघालो" म्हणाला आणि आवाज तुटला. नंतर फोन सुरूच झाला नाही.

"अंगणातलं पाणी उतरतंय का?" दीपानं विचारलं. तिला मान वळवून बघवत नव्हतं.

"उतरता. तुळशीची दुसरी पायरी दिसली."

खरंच उतरत होतं. तुंबलेल्या खाडीला वाट मिळाली होती. पण मावशींच्या आवाजात आनंद नव्हता. दीपानं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्या समुद्राकडे बघत होत्या. खाडी रिकामी झाली की त्याच वाटेनं भरती आत येणार, आणि तिला आता अडवायला काही नाही, हे त्यांना कळत होतं. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

पलीकडच्या काठाला माणसं जमली. त्यांत सगुण दिसला. त्यानं होडी खांद्यावरून, चार माणसांच्या मदतीनं, वरच्या अंगाला नेली आणि मग नुसता उभा राहिला. दीपा हात हलवून ओरडत होती. तो येत नव्हता.

"कित्याक ओरडतस?" मावशी म्हणाल्या. "आता होडी घातली तर दर्यात जायत. पाणी उभा रावाक होया."

दीपाला पाणी उभं राहणं ठाऊक नव्हतं. ओहोटीचा ओढा संपतो आणि भरतीचा सुरू होतो, त्यांच्या मध्ये थोडा वेळ असा येतो की पाणी कुठंच जात नाही. त्या दिवशी तुंबलेल्या पाण्याचा आणि समुद्राचा जोर सारखा झाला, आणि तसंच झालं. लोंढ्याचा आवाज हळूहळू बसला. लाल पाण्यावर फेस एका जागी गोल गोल फिरू लागला. आणि सगुणनं होडी पाण्यात लोटली.

तो तिरका आला. होडी टेकाडाखाली लागताच त्यानं मावशींना उचलून आत बसवलं आणि दीपाला म्हणाला, "चल."

दीपा हलेना. इतक्या वर्षांत ती एकदाही होडीत बसली नव्हती. तिनं केवड्याचं पान धरलं होतं, आणि हातातून रक्त येत होतं तरी ते सुटेना.

"मी हितंच बसते. तुम्ही जावा."

मावशींनी शिव्या दिल्या. सगुणनं पाण्याकडे एकदा बघितलं, तो खाली उतरला, तिची बोटं एकेक करून पानावरून सोडवली आणि तिच्या हातात एक पत्र्याचा डबा दिला. "होडयेत पाणी येता. तू ता भायर काढीत रव. थांबलंस तर बुडतलों."

होडीत फारसं पाणी नव्हतं. पण दीपा पलीकडे पोचेपर्यंत डोळे मिटून डबा भरत आणि ओतत राहिली. शेवटी शेवटी तो रिकामाच उलटा होत होता. होडी निम्म्यात असताना ती एकदा जोरात कलंडली आणि समुद्राकडे ओढली जाऊ लागली. सगुणच्या तोंडून देवाचं नाव निघालं ते तिनं ऐकलं. त्यानं वल्हं टाकून बांबू रोवला. होडी थरथरली, आणि काठावरच्या माणसांनी फेकलेला दोर मावशींच्या मांडीवर पडला.

शाळेत बाईंनी बोलावल्यावर गौरवी दप्तर घेऊन दारात आली. "आज इतकी लवकर?" तिनं विचारलं. दीपानं तिला उचललं आणि तिथंच, शाळेच्या पायरीवर, दीपाला ओकारी झाली. थोड्या वेळानं अभिजीत आला, डोक्यापासून भिजलेला. तो काठावर जाऊन बेट बघून आला होता. त्यांनी दांड्यावर परत एकही रात्र काढली नाही.

आता ती तिघं तुयेला एका चाळीत, वरच्या मजल्यावर राहतात. दीपा डबे करून देते. समुद्रानं त्या भरतीला फुटलेल्या मानेतून आत येऊन मावशींच्या घराची एक भिंत नेली, पण घर उभं राहिलं. दिवाळीनंतर वाळू पुन्हा जमली, मान पुन्हा सांधली, पण खाडीचं तोंड आता दुसरीकडे आहे. विहीर खारट झाली. चार माडांचे शेंडे पिवळे पडले. गेस्ट हाऊस बंद आहे. मावशी भिंत घालून घेऊन परत तिथंच राहायला गेल्या. सगुणनं समजावलं, मुलानं बोटीवरून फोन केले. त्या ऐकेनात.

या ज्येष्ठात दीपा एकटी दांड्यावर गेली. मानेवरून चालताना मध्येच ती वाळूत बसली, मग उठली. मावशींच्या ओसरीवर जाऊन तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पावसाळ्यापुरत्या चला," ती म्हणाली.

"मी खंय येवची नाय. घर सोडून?"

"मग मी पण इथंच बसते."

"तू? रातची हंय? भियान मरशी गो."

"मरते की." दीपा खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती समुद्राच्या प्रत्येक आवाजाला दचकत होती. ती नाटक करत नव्हती, हे मावशींना दिसत होतं. दुपार कलली. भरती चढू लागली तशी दीपानं डोळे मिटले आणि ओसरीचा खांब धरला, पण ती उठली नाही.

शेवटी मावशी भिंतीला धरून आत गेल्या आणि लुगडी बांधू लागल्या.

तुयेच्या खोलीत त्या कुरकुरतात. कारखान्यांची घरघर कानाला लागते म्हणतात, मासे शिळे म्हणतात. दीपा ऐकून घेते. पाऊस जोरात आला की ती मात्र अजून उठून मागलं दार उघडून बघते. खाली रस्ता असतो, त्यावर डबकी, आणि पलीकडच्या कारखान्याच्या गेटचा दिवा. मावशी अंथरुणातून विचारतात, "पाणी किती आसा?" आणि दीपा म्हणते, "रस्ता दिसतोय," आणि तरी थोडा वेळ तिथंच उभी राहते.